रविवारची सायकल आणि फुरसतीचा हक्क

दर रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही भावसिंगपुऱ्यातून सायकली काढतो. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, मग दौलताबाद. किल्ल्यासमोर चहा. नंतर घाट, कागजीपुरा, खुलताबाद आणि शेवटी वेरूळ. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. आमच्यात एक शिक्षक आहे, एक दवाखान्यात नर्स आहे, एक बँकेत आहे आणि हे लिहिणारे आम्ही वस्त्यांमध्ये समाजकार्य करतो. रविवारी आम्ही मोर्चाला जात नाही, शिबिराला जात नाही, कुणाच्या मयतीलाही जात नाही. नुसते फिरायला जातो.

गेल्या पावसाळ्यात विहारात वंदना झाल्यावर चळवळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी सगळ्यांसमोर विचारले, "बाबांनो, पोरांच्या स्कॉलरशिपा अडकल्यात, वस्तीवर नोटिसा यायला लागल्यात आणि तुम्ही आखूड चड्ड्या घालून सायकली फिरवता? हे चोचले आपल्याला परवडतात का?" हशा पिकला. आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. काकांनी नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर विचार करूनच द्यावे लागेल. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

पण त्याआधी दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे, कारण आम्ही दोन्हीकडून कात्रीत आहोत.

शहरात सायकल चालवणाऱ्यांचा एक मोठा ग्रुप आहे. डॉक्टर, बिल्डर, प्राध्यापक, अधिकारी अशी मंडळी. माणसे वाईट नाहीत. रस्त्यात कुणाची ट्यूब फुटली तर थांबून मदत करतात, पाणी देतात. पण चहाच्या टपरीवर पहिल्याच दिवशी प्रश्न आला, "आडनाव कळलं नाही तुमचं?" आमच्यातल्या एकाने नुसते नाव सांगितले होते. मग, "मूळ गाव कुठलं?" मग, "इथं राहायला कुठे?" भावसिंगपुरा म्हटल्यावर समोरच्याला जे कळायचे ते कळले. गप्पा पुन्हा गिअर आणि टायरवर आल्या.

पुढे एका १४ एप्रिलला आम्ही विद्यापीठ गेटपासून वेरूळपर्यंत राइड केली. हँडलला निळा झेंडा लावला आणि फोटो ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात सूचना आली, "इथे फक्त सायकलिंग. जात, धर्म, राजकारण नको. सायकलवर जात नसते." त्याच ग्रुपवर आषाढीला पंढरपूरच्या सायकलवारीचे शेकडो फोटो पडतात. आम्हीही त्यांना अंगठा देतो. आमचे दुखणे वारीबद्दल नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की एक झेंडा संस्कृती आणि दुसरा झेंडा राजकारण, हे ठरवले कुणी?

थोडक्यात, आमचे लोक म्हणतात सायकलिंग हे सवर्णांचे चोचले आहेत आणि सवर्ण म्हणतात सायकलवर जात नसते. आमच्या मते दोघांचेही चुकते आहे. आणि ते का चुकते, हे समजून घ्यायला दौलताबादपेक्षा चांगली जागा नाही.

१९३४ साली चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांपुढे इच्छा व्यक्त केली की आपण सगळे मिळून प्रेक्षणीय स्थळे पाहायला जाऊ. बाबासाहेब हो म्हणाले. ही सभा नव्हती, परिषद नव्हती, साधी सहल होती. त्यात वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले होते. नाशिकहून निघालेली ही सुमारे तीस जणांची मंडळी औरंगाबादच्या वाटेवर दौलताबादला थांबली. उगाच त्रास नको म्हणून आपण अस्पृश्य आहोत हे वाटेत कुणाला सांगायचे नाही, असेही त्यांनी ठरवले होते. प्रवासात अंग, तोंड, कपडे धुळीने भरले होते. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले छोटे तळे होते. काहींनी त्यात हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारले. एवढ्यात एक म्हातारा ओरडत आला की यांनी तळे बाटवले. जमाव जमला, शिवीगाळ झाली. स्थानिक अस्पृश्यांनाही त्यात ओढले गेले. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. पाळत ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. तो म्हातारा मुसलमान होता, हे वाचून आजकाल काही लोकांना भलताच आनंद होतो. त्यांनी त्याच आठवणींत गोरेगावच्या वाटेवरचे हिंदू आणि बडोद्याच्या मुक्कामातले पारशीही वाचावेत. जातीचा रोग एका धर्माच्या वेशीत अडकून राहत नाही, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी ते लिहिले. आपल्याच शहरात दोन वस्त्यांना एकमेकांवर घालण्यासाठी ते लिहिलेले नाही.

आता आम्ही रविवारी काय करतो ते पाहा. त्याच रस्त्याने, धुळीने भरलेल्या तोंडाने, त्याच किल्ल्यासमोर थांबतो. बाटलीतले पाणी तोंडावर मारतो, टपरीवर चहा पितो आणि पुढे त्याच लेण्यांकडे निघतो. आम्हाला कुणी अडवत नाही. हे आपोआप झालेले नाही. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम उघडून पाहा. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा तिथे एकाच ओळीत आहेत. तळे आणि रस्ता शेजारी शेजारी. महाडला २० मार्च १९२७ रोजी जे सुरू झाले, त्याचा हा कायद्यातला शेवट आहे. ज्याला तळ्याशी थांबू दिले जात नव्हते, त्याला रस्ताही मोकळा नव्हता. म्हणून आम्ही काकांना सांगतो की वेरूळपर्यंत नुसते फिरायला जाणे ही १९३४ मध्ये अर्धवट राहिलेली सहल पुरी करणे आहे. आणि ग्रुपवरच्या मित्रांना सांगतो की सायकलवर जात नसेल, पण ज्या रस्त्यावर ती चालते त्या रस्त्याला जातीचा इतिहास आहे. तो विसरायची चैन फक्त ज्यांना कधी अडवले गेले नाही त्यांनाच परवडते.

वाहनाचाही इतिहास आहे. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांकडे गोरेगावला जायचे होते. पैसे होते, अंगावर चांगले कपडे होते. पण जात कळल्यावर कुणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असा सौदा झाला. १९२९ साली चाळीसगावला तेच. तोवर ते विलायतेहून शिकून आलेले बॅरिस्टर झाले होते, तरी टांगेवाल्यांनी अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला नकार दिला. मग लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच, टांगा हाकायची सवय नसलेला माणूस हाकायला बसवला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

या दोन्ही गोष्टींत गाडी मिळते, पण ती हाकणारा मिळत नाही. या नजरेने सायकलकडे पाहिले तर तिचे मोल कळते. सायकलला गाडीवान लागत नाही, बैल लागत नाही, कुणाची मेहेरबानी लागत नाही. आमच्या बापजाद्यांच्या हाती आलेले हे पहिले असे वाहन, जे स्वतःच्या पायांवर चालते आणि ज्यावर बसायला कुणाला जात सांगावी लागत नाही. म्हणून तर मान्यवर कांशीराम यांनी १९८३ साली डीएस-फोरच्या कार्यकर्त्यांना सायकलींवर बसवून गावोगाव नेले. ज्यांच्याकडे जीप नाही, पेट्रोलला पैसे नाहीत, त्यांची चळवळ सायकलवर चालू शकते, हे त्यांनी करून दाखवले.

इथे काका म्हणतील, "ते चळवळीसाठी होतं. तुम्ही तर मजेसाठी फिरता." बरोबर आहे. आता मजेबद्दलच बोलू.

एम.ए.ला समाजशास्त्रात आम्हाला थॉर्स्टाइन व्हेब्लेन होता. १८९९ च्या आपल्या पुस्तकात त्याने दाखवले की वरचा वर्ग आपला निवांतपणा मिरवतो, कारण काम न करावे लागणे हीच त्याची प्रतिष्ठा असते. आपल्याकडे तर फुरसत जन्माने वाटली गेली. गावगाड्यात महाराने सगळ्यात जास्त चालायचे, पण दुसऱ्याच्या कामासाठी. सांगावा घेऊन जायचा, मयतीची खबर परगावी पोचवायची, सरकारी पाहुण्याच्या पुढे धावायचे, वसुलासोबत तालुक्याला जायचे. वेळ त्याचा नव्हता आणि पायही त्याचे नव्हते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वेठीवर घाव घालण्यासाठी. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेत, कुणाचेही काम नसताना रस्त्याने जाणे ही आमच्या समाजासाठी फार नवी गोष्ट आहे.

फुरसतीबद्दल बाबासाहेबांचे मत काय होते? १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात त्यांनी गांधीवादाची चिकित्सा करताना हाच मुद्दा घेतला आहे. माणूस आणि पशू यांत फरक संस्कृतीचा, आणि संस्कृतीला फुरसत लागते. लोकशाही समाजाने ती मूठभरांना देऊन भागत नाही, प्रत्येकाला दिली पाहिजे. म्हणून ते यंत्राच्या बाजूने उभे राहिले. यंत्राने कष्ट कमी करावेत आणि माणसाला त्याचा वेळ परत मिळावा. हे त्यांनी नुसते लिहिले नाही. ते मजूरमंत्री असताना आलेल्या १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने कामगाराचे आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. हे सहा तास कशासाठी होते? कामगाराने आणखी एक पाळी करावी म्हणून निश्चितच नव्हते. वाचावे, मुलांशी बोलावे, फिरावे म्हणून होते.

तेव्हा फुरसत हा चळवळीच्या विरोधातला शब्द नाही. ती चळवळीच्या मागण्यांपैकी एक मागणी आहे. कार्यकर्त्याने सदैव थकलेलेच दिसले पाहिजे, त्याच्या तोंडावर हसू आले की त्याचा बाणा ढळला, ही समजूत आपण टाकली पाहिजे. आमच्या ओळखीतले किती कार्यकर्ते चाळिशीतच रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांवर आले आहेत! आठवडाभर दुसऱ्यांचे अर्ज, दुसऱ्यांची कोर्ट-कचेरी, दुसऱ्यांचे दुःख. रविवारी घाट चढताना छातीचा भाता हलतो तेव्हा कळते की हे शरीरही आपलेच आहे.

इथवर लिहून थांबता आले असते. पण मग आम्ही फक्त स्वतःची बाजू मांडली असे होईल.

मिटमिट्याच्या पुढे एका साइटवर रात्रपाळीचे वॉचमन असतात. आम्ही जातो तेव्हा ते ड्युटी संपवून सायकलवर घरी निघालेले असतात. काळी जुनी सायकल, कॅरिअरला डबा, मडगार्ड तारेने बांधलेले, मागे लाल दिवा नाही. एकदा त्यांनी आमच्या सायकलीकडे बघून विचारले, "कितीची हो दादा?" ती पंचवीस हजारांची होती. आम्ही म्हणालो, "असेल दहा-बारा." ते म्हणाले, "म्हणजे माझा एक पगार." त्या दिवशी घाट नेहमीपेक्षा जड गेला. ग्रुपमध्ये आडनाव लपवणारे आम्ही आणि वॉचमन काकांपुढे किंमत लपवणारे आम्ही, ही दोन माणसे नव्हती.

आमचे वडील चिकलठाण्याच्या एमआयडीसीत सायकलवर जात. त्यांना कुणी सायकलिस्ट म्हटले नाही. पँटला चिमटा, दांडीवर पोरगं, कॅरिअरवर आई, हे आमच्या लहानपणीचे चित्र. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत आम्ही त्याच सायकलवर शिकलो. मोटरसायकल आल्यावर त्यांनी सायकल भंगारात दिली आणि पेढे वाटले. सायकल सुटणे हीच तेव्हा प्रगती होती. आज आम्ही पगारातून पैसे साठवून पुन्हा सायकल घेतो, तेव्हा वडील डोक्याला हात लावतात. त्यांचे चुकत नाही. एकच वस्तू गरीब चालवतो तेव्हा नाइलाज असते आणि पगारदार चालवतो तेव्हा फिटनेस होते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती आणि मोटारगाडी पाच टक्के घरांतही नव्हती. तरीही रस्ता कुणासाठी रुंद होतो? २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्यावे, असे स्वच्छ म्हटले आहे. धोरण कागदावर राहिले. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतले ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते. रस्त्यावर मरणाऱ्यांची जात कुणी नोंदवत नाही. पण पहाटे पायी आणि सायकलवर कामाला कोण जाते, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

म्हणून शहरात सायकलींचे नियोजन निघते तेव्हा आमचा आग्रह असा आहे. तलावाभोवती, बागेजवळ, चकचकीत कॉलनीत रंगवलेला सायकल ट्रॅक नंतर करा. आधी वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा एमआयडीसीच्या रस्त्यांच्या कडा पक्क्या करा आणि तिथे दिवे लावा. रात्रपाळी सुटल्यावर ट्रकच्या वाऱ्याने हेलकावे खात घरी येणारा माणूस हाच या शहरातला पहिला सायकलस्वार आहे. सायकलदिनाला टी-शर्ट वाटायचे पैसे असतील, तर त्यातून मागचे लाल दिवे वाटा. आणि हे महानगरपालिकेत मागायला आमच्याबरोबर ग्रुपवरचे डॉक्टर आणि बिल्डरही येऊ देत. सायकलवर जात नसते, हे त्यांना असे सिद्ध करता येईल.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातली. आमच्या चौघांतली नर्स ताई सायकल शिकली ती लग्नानंतर. वस्तीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. आता त्यांच्या मुली तिच्याकडे शिकायला येतात. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून हजारो ग्रामीण बाया सायकल शिकल्या. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना आणली आणि शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात. पण शाळा सुटली की त्या सायकलीवर भाऊ बसतो. मुलीने सायकल घेऊन नुसते फिरायला जावे, हे अजून आपल्या बौद्ध घरांतही पचत नाही. काका आम्हाला चोचले म्हणाले, पण ताईला त्याहून वाईट शब्द ऐकावे लागले. फुरसतीचा हक्क मागायचा तर तो आपल्या आई-बहिणींना आधी दिला पाहिजे. रविवारी आम्ही घाटात असतो तेव्हा घरी भांडी कोण घासते, हा प्रश्नही आम्ही स्वतःला विचारतो आहोत. त्याचे उत्तर अजून फारसे अभिमानाचे नाही.

विहारात आम्ही एक ठराव मांडला आहे. वर्गणीतून चार सायकली घ्यायच्या, दोन मोठ्या आणि दोन लहान. पुस्तकासारख्या वहीत नोंद करून घरी न्यायच्या आणि परत आणायच्या. पंक्चर काढायचे सामान विहारातच ठेवायचे. महिन्यातून एका रविवारी मुलामुलींना घेऊन वेरूळला जायचे. वाटेत दौलताबादला थांबून १९३४ ची गोष्ट सांगायची आणि मग पुढे बुद्धलेणी. ठरावावर चर्चा झाली तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यातली एक लहान सायकल माझ्याकडून. पण स्कॉलरशिपच्या मोर्चाला तुम्ही चौघंही पाहिजे."

आम्ही मोर्चाला गेलो, सायकलींवर गेलो. आता पुढच्या रविवारी काका मुलांच्या मागे टेम्पोत बसून दौलताबादपर्यंत येणार आहेत. तिथे किल्ल्यासमोर उभे राहून ती गोष्ट त्यांनीच सांगावी, असे आम्ही त्यांना म्हटले आहे.

जय भीम.